देवाच्या दारची झाडे आणि त्यांची नावे

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की सर्वांची नजर शिखराकडे, कळसाकडे आणि सभामंडपाच्या नव्या फरशीकडे जाते. ते स्वाभाविकच आहे. देणगीदारांचा पैसा व ग्रामस्थांचे श्रम तेथे डोळ्यांना दिसतात. परंतु देवळाचे आवार हाही देवस्थानाचाच भाग होय. पाराचा पिंपळ, गाभाऱ्यामागचा बेल, विहिरीजवळची कण्हेर आणि ओट्याच्या कोपऱ्यावरचा देवचाफा ही मंडळी कोणत्याही पावती-पुस्तकात नसली तरी देवाच्या चाकरीत पिढ्यान् पिढ्या रुजू आहेत.

यांपैकी देवचाफ्यावर जीर्णोद्धाराच्या वेळी संकट आले होते. ओटा दक्षिणेकडे वाढवावयाचा होता आणि चाफा नेमका आखणीच्या दोरीत येत होता. झाड काढावे असे बहुतेकांचे मत पडले. काही सुशिक्षित तरुणांनी त्याला आणखी एक कारण जोडले. हे झाड मुळी आपल्याकडचे नव्हे, ते परदेशातून आलेले आहे, जुन्या शास्त्रात त्याचा उल्लेख नाही, तेव्हा ते काढण्यात दोष कसला, असे त्यांचे म्हणणे. म्हाताऱ्या मंडळींना हे पटेना. एक आजीबाई म्हणाल्या, "अरे बाबांनो, परका असता तर वाडवडलांनी त्याला देवाचं नाव कशाला दिलं असतं?"

गंमत अशी की दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे होते. ते कसे, हे समजण्यासाठी आपल्या शेतातील, ताटातील व पूजेच्या तबकातील वनस्पतींचा थोडा इतिहास पाहावा लागतो. हा इतिहास शिलालेखांपेक्षा नावांतच अधिक सापडतो.

प्रथम गावांची नावे पाहू. महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्याची गावयादी उघडली तर झाडांच्या नावांची रांगच लागते. पिंपळगाव, वडगाव, आंबेगाव, बोरगाव, बाभूळगाव, जांभूळवाडी, करंजगाव, निमगाव, खैरगाव, पळसदेव, हिवरे, भोकर, चिंचोली. ज्या झाडाच्या सावलीत पहिली वस्ती झाली किंवा ज्याचे रान तेथे माजले होते, त्याचे नाव गावाला पडले. मात्र या यादीत काजू, पेरू, पपई, बटाटा, मिरची यांच्या नावाची जुनी गावे सहसा आढळत नाहीत. गावे वसली व त्यांना नावे पडली तेव्हा ही झाडे-रोपे या मुलखात नव्हतीच, हे त्याचे साधे कारण. गावयादी हे असे एक दप्तर आहे की ज्यात मागाहून कोणी नोंद घुसडलेली नाही.

अर्थात जे जुने ते सारे मूळचे इथलेच, असेही समजू नये. चिंच हे झाड वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते मूळ आफ्रिकेतले. ते फार प्राचीन काळी इकडे आले आणि इतके मुरले की अरब व्यापाऱ्यांना ते हिंदुस्थानचेच वाटले. त्यांनी चिंचेला 'हिंदी खजूर' या अर्थाचे नाव दिले व त्यावरूनच इंग्रजांचा 'टॅमरिंड' हा शब्द आला. आफ्रिकेच्या झाडाला हिंदुस्थानचे नाव, आणि त्याच झाडावरून आपल्याकडे चिंचवड व चिंचोली! जी ज्वारी-बाजरी आपण आपली हक्काची भाकरी समजतो, तीही हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतूनच आली. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी तेथे शेती करणाऱ्या लोकांचे मुख्य धान्य ज्वारी नसून जव, म्हणजे सातू होते असे त्यांना दिसून आले. आज त्या भागात जव पूजेपुरते शोधावे लागतात.

यानंतरची मोठी उलथापालथ समुद्रमार्गाने झाली. १४९२ साली कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर पोहोचला, १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. ब्राझील व गोवा ही दोन्ही ठाणी एकाच सत्तेखाली आली. गलबतांच्या पोटातून तोफा-दारूगोळ्याबरोबर बिया, कंद व कलमे येऊ लागली. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत पश्चिम किनाऱ्यावर जितक्या नव्या वनस्पती उतरल्या, तितक्या त्यापूर्वी हजार वर्षांत उतरल्या नसतील.

त्यांतील काहींनी आपली नावे बरोबर आणली. काजू हे नाव ब्राझीलच्या आदिवासींच्या भाषेतले, ते पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आले. अननसाचेही तसेच. पपई व तंबाखू ही नावेही त्याच वाटेची. बटाट्याची कथा तर मजेदार आहे. 'बटाटा' हा शब्द मूळ वेस्ट इंडीज बेटांतील लोकांचा आणि तो होता रताळ्याचा. बटाटा हा कंद दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावरचा. युरोपात दोहोंचा घोटाळा झाला आणि रताळ्याचे नाव जाऊन बसले बटाट्याला. आपण ते तसेच उचलले व रताळ्याला मात्र देशी नाव ठेवले. हापूस आंब्याचे उलट आहे. आंबा अस्सल या भूमीचा, कलम बांधण्याची रीत पोर्तुगीजांनी गोव्यात रुजविली, आणि नाव पडले 'आफोंसो'चा हापूस. कोकणच्या या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा सरकारी कागदावर चढले ते हेच फिरंगी नाव.

काही पाहुण्यांना मात्र आपल्या लोकांनी आपली नावे दिली. तिखटपणात मिरीची बरोबरी करणारी ती मिरची. जमिनीत मुगासारख्या शेंगा धरणारा तो भुईमूग. टोमॅटोला जुनी माणसे बेलवांगी म्हणत, तर विदर्भात भेदरे म्हणतात. आणि अमेरिकेतून आलेल्या, आतून मऊ गोड गराच्या दोन फळांना तर थेट सीतामाई व प्रभू रामचंद्र यांची नावे मिळाली. सीताफळ व रामफळ ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातील. पुढे त्याच कुळातील आणखी फळे आली तेव्हा लोकांनी लक्ष्मणफळ व हनुमानफळ अशी नावे ठेवून रामायण पुरे केले. आज सीताफळाची झाडे दौलताबादच्या, बीडच्या, पुरंदरच्या डोंगरउतारांवर आपोआप उगवलेली दिसतात. ती वनवासात सीतामाईने लावली असे सांगणारी माणसे भेटतात. कोणाला ते खोटे ठरवावेसे वाटत नाही.

आता याच्या शेजारी बेल ठेवून पाहावा. बेलाइतके या भूमीचे, वेदकाळापासून माहीत असलेले झाड दुसरे क्वचितच असेल. पण शास्त्राच्या पुस्तकात त्याचे नाव आहे 'एगल मार्मेलोस'. यातील एगल ही ग्रीक पुराणकथेत सोनेरी फळांची राखण करणारी अप्सरा, तर मार्मेलो हे पोर्तुगालमधील एका आंबट फळाचे नाव. त्याचा उगम असा. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आला. अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचे जाणे-येणे होते आणि मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होते. येथील औषधी वनस्पतींवर त्याने संवादाच्या रूपाने एक ग्रंथ लिहिला, तो १५६३ साली गोव्यातच छापला गेला. हिंदुस्थानात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी तो एक. त्याने येथील वैद्यांना व हकिमांना विचारून नावे लिहून घेतली. बेलफळ आवेवर देतात हे पाहून त्याने त्याला 'बंगालचे मार्मेलो' म्हटले. दोनशे वर्षांनी, १७५३ मध्ये, स्वीडनच्या लिनियसने जगातील वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत घालून दिली, तेव्हा तो मार्मेलो कायमचा बेलाला चिकटला. ओर्ताचे नशीब मात्र बरे नव्हते. तो मूळचा ज्यू घराण्यातला. १५६८ साली तो वारला, पण १५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली.

असो. परदेशी फळाला सीतेचे नाव आणि महादेवाच्या बेलाला फिरंग्याचे, असा हा नावांचा खेळ आहे.

आता उपवासाकडे वळू, कारण महाशिवरात्रीला आपल्या देवळात फराळाचे ताट सर्वांसाठी मांडले जाते. त्या ताटातील पदार्थ एकेक करून पाहिले तर कोणीही चकित व्हावे. साबुदाण्याची खिचडी. तिच्यातील दाण्याचे कूट भुईमुगाचे, म्हणजे दक्षिण अमेरिकेचे. बटाट्याच्या फोडी अँडीज पर्वतावरच्या. हिरवी मिरची मेक्सिकोची. साबुदाण्याचे नाव मलाया-इंडोनेशियाकडील सागू नावाच्या माडासारख्या झाडावरून आले, कारण पूर्वी तो त्या झाडाच्या गाभ्यापासून होत असे. हल्ली जो मिळतो तो तमिळनाडूतील सेलम भागातील टॅपिओकाच्या कंदापासून बनवितात. कंद किसून त्याचे दूध काढावयाचे, ते निवळू द्यावयाचे, खाली बसलेल्या सत्त्वाच्या गोळ्या वळून भाजावयाच्या व वाळवावयाच्या, अशी ती रीत आहे. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडून येणारा माल बंद पडला आणि सेलमच्या या धंद्याने बाळसे धरले. टॅपिओका हा कंदही दक्षिण अमेरिकेचाच. केरळात, म्हणजे तेव्हाच्या त्रावणकोरात, महाराजा विशाखम तिरुनाळ यांनी १८८० ते १८८५ या आपल्या कारकिर्दीत त्याच्या लागवडीस मोठे उत्तेजन दिले. रताळ्याचा कीस घ्यावा तर तेही अमेरिकेचे. खिचडीत या मुलखाचे काय उरले म्हणाल, तर जिऱ्याची चिमूट आणि तूप, आणि त्यातही जिरे मूळचे पश्चिम आशियाकडचे.

याउलट हळद, जी आपल्याच देशाची, ती उपवासाला चालत नाही. गहू, तांदूळ, ज्वारी वर्ज्य. असे का झाले असावे, याचे कारण समजण्यासारखे आहे. जुन्या ग्रंथकारांनी आपल्याला ठाऊक असलेली धान्ये नावे घेऊन वर्ज्य सांगितली. जे पदार्थ त्यांनी कधी पाहिलेच नव्हते, त्यांना ते मना कसे करणार? बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या मुदपाकखान्याचे सविस्तर वर्णन आहे. तिखटासाठी तेथे मिरी आहे, आले आहे, मिरचीचा मागमूस नाही. राजाच्या ताटात नव्हती ती मिरची आज मजुराच्या भाकरीवरही असते.

उपवासाच्या जुन्या देशी पदार्थांपैकी वरी, शिंगाडा व सुरण अजून टिकून आहेत. वरीचे तांदूळ, ज्यांना कोठे भगर म्हणतात, हे येथील डोंगरउतारावरचे जुने हलके धान्य. ज्या माळावर दुसरे काही येत नाही तेथेही ते येते. पण त्याचा पेरा कमी होत चालला आहे व दुकानातील पुडीखेरीज वरी कशी दिसते हे पुष्कळ मुलांना माहीत नाही. तिकडे बटाट्याने मात्र मोठा संसार थाटला. महाबळेश्वरी इंग्रजांचा तुरुंग होता, तेथील चिनी कैदी बटाटे व विलायती भाजीपाला पिकवीत. पुढे खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांनी ते पीक उचलले आणि आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार आज बटाट्यासाठीच ओळखले जाते.

या सर्वांत राजगिऱ्याची कथा देवळाच्या पुस्तिकेत अवश्य नोंदवावी अशी आहे. पालेभाजीचा माठ आपल्याकडचा जुना, पण ज्याचे दाणे फुलवून लाडू करतात तो राजगिरा मूळचा मेक्सिको व त्याच्या आसपासचा. तेथील अझ्टेक लोक राजगिऱ्याचे पीठ मधात मळून त्याच्या देवांच्या मूर्ती करीत. सणाच्या दिवशी त्यांची पूजा होई आणि मग मूर्तीचे तुकडे करून सर्वजण प्रसाद म्हणून खात. १५२१ साली स्पॅनिश लोकांनी त्यांचे राज्य जिंकले. पाद्र्यांना हा प्रसाद आपल्या धर्मातील पवित्र भाकरीचे विडंबन वाटला व त्यांनी तो बंद पाडला. त्याबरोबर राजगिऱ्याची शेतीही ओसरली. पण धान्य नाहीसे झाले नाही. मेक्सिकोत आजही फुलविलेला राजगिरा गुळासारख्या पाकात थापून त्याच्या वड्या विकतात. त्यांना तेथील लोक 'आलेग्रिया' म्हणतात, म्हणजे आनंद. आपल्या यात्रेतील राजगिऱ्याच्या वडीशेजारी ती ठेवली तर ओळखू येणार नाही. ज्या दाण्याला तिकडे देवापासून तोडले गेले, तो इकडे येऊन पुन्हा देवाच्या उपवासाला लागला, आणि नाव काय मिळाले तर राजगिरा!

फुलांचीही गोष्ट अशीच. दसऱ्याला दाराला, नांगराला, मोटारीला आणि देवळाच्या खांबांना झेंडूचे तोरण लागते. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तेथे पितरांच्या सणाला झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, कारण त्या उग्र वासाने पितरांना घर सापडते असा तेथील लोकांचा समज आहे. बियांच्या पाकिटांवर मोठ्या फुलाचा तो 'आफ्रिकन' झेंडू व लहान फुलाचा तो 'फ्रेंच' झेंडू असे छापलेले असते. दोन्ही नावे चूक, कारण एकही झेंडू मूळचा आफ्रिकेचा वा फ्रान्सचा नाही. हारात झेंडूच्या जोडीला येणारा निशिगंधही मेक्सिकोचा. महादेवाला आवडते म्हणून वाहिली जाणारी पिवळी कण्हेर हीसुद्धा अमेरिकेकडचीच. या पिवळ्या कण्हेरीविषयी मातांना येथे एक सूचना करणे अगत्याचे आहे. तिचे फूल देवाला वाहावे, पण तिचे हिरवे गोटीसारखे फळ व त्यातील बी अत्यंत विषारी असते व ते हृदयावर परिणाम करते. आवारात खेळणाऱ्या मुलांच्या तोंडात ते जाऊ देऊ नये. लाल-गुलाबी कण्हेर जुनी देशी आहे, पण विषारी तीही आहेच.

आणि ज्याच्यावरून सारा वाद झाला तो देवचाफा. जुन्या वाङ्मयातील चंपक म्हणजे सोनचाफा, तो खरोखरच या भूमीचा. देवचाफा निराळ्या कुळातला व मध्य अमेरिका आणि वेस्ट इंडीज बेटांकडून आलेला. त्याचे शास्त्रीय नाव प्ल्युमिये या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले. सोनचाफ्याशी त्याचे नाते काहीच नाही, पण सुवास पाहून लोकांनी चाफा हे नाव त्यालाही दिले आणि तो देवळात लागला म्हणून देवचाफा झाला. देवळात तो का लागला हेही उघड आहे. त्याची फांदी तोडून, चीक सुकेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत ठेवून लावली की ती जीव धरते. पाणी न मागता तो वाढतो, पाने झडली तरी फुलतो आणि त्याची फुले न कोमेजता अखंड खाली पडतात. पहाटे ओंजळ भरून घ्यावी इतकी ती असतात. गरीब गुरवाला याहून सोयीचे झाड कोणते? तेव्हा तरुण मंडळी म्हणाली ते खरे, चाफा परदेशी आहे. आजीबाई म्हणाल्या तेही खरे.

येथे एक प्रश्न पडतो. जुन्या काळी ही नावे कोणी लिहून ठेवली? बहुतेक वेळा कोणीच नाही. ती वैदूंच्या, गुरवांच्या, सुईणींच्या व गुराख्यांच्या तोंडी राहिली. पण एक अपवाद आहे आणि तो मराठी माणसाला अभिमान वाटावा असा आहे. कोचीनला डचांचा अंमल असताना तेथील गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ करण्याचे मनावर घेतले. त्याला नावे व गुण सांगितले ते इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी ब्राह्मण वैद्यांनी. कोचीनमधील ही कोकणी वस्ती मूळची गोव्याकडची. या तिघांनी आपला निघंटु घेऊन दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ काम केले, एकेक झाड, वेल, फूल, फळ, मूळ यांचे गुण सांगितले, व तसा दाखला आपल्या कोकणी भाषेत, नागरी लिपीत लिहून दिला. त्यावर तारीख आहे २० एप्रिल १६७५. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

'हॉर्टस मलबारिकस' या नावाने त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. त्यांत सातशेहून अधिक वनस्पतींची हाताएवढाली चित्रे आहेत. चित्रांवर रोमन, मल्याळम, अरबी व नागरी अशा लिप्यांत नावे आहेत. नागरी अक्षरे छापली गेल्याच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. पुढे लिनियसने आपली नावे देताना याच ग्रंथाचा आधार कितीतरी ठिकाणी घेतला. ग्रंथ लॅटिनमध्ये असल्याने येथील लोकांना तो तीनशे वर्षे वाचता आला नाही. केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातील कित्येक वर्षे वेचून त्याचे इंग्रजी भाषांतर केले, ते केरळ विद्यापीठाने २००३ साली प्रसिद्ध केले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. व्हान ऱ्हीड १६९१ साली सुरतेस जाताना जहाजावर वारला. त्याची कबर सुरतेला आहे. रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट यांचे कोठे स्मारक असल्याचे ऐकिवात नाही. त्यांचा तो नागरी दाखला मात्र ग्रंथात जसाच्या तसा छापलेला आहे.

इंग्रजी अमदानीत अशी कामे झाली. गिब्सन नावाचा अधिकारी दापोडीच्या व जुन्नरजवळच्या हिवरे येथील सरकारी बागा सांभाळी. १८४७ साली मुंबई इलाख्याच्या जंगल खात्याचा तो पहिला प्रमुख झाला. पुढे १९०१ ते १९०८ या काळात कुक याने इलाख्यातील वनस्पतींचा मोठा ग्रंथ छापला व त्यात मराठी नावेही घातली. मराठीत डॉ. वामन गणेश देसाई यांचा 'ओषधीसंग्रह' १९२७ साली निघाला. त्याची जीर्ण प्रत जुन्या वैद्यांच्या घरी अजून आढळते.

सगळेच पाहुणे देवाच्या पायाशी बसण्याच्या लायकीचे निघाले असे नाही. जीर्णोद्धारापूर्वी देवळामागची पडीक जागा गाजर गवताने भरली होती, हे सर्वांना आठवत असेल. ते उपटणाऱ्या स्वयंसेवकांपैकी कित्येकांच्या हातांना खाज सुटली. हे गवत अमेरिकेतून बहुधा गव्हाबरोबर आले व १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी गाजर गवत, कोणी पांढरी फुली. ते खाणारे मेक्सिकन भुंगेरे १९८४ पासून आपल्या देशात सोडण्यात आले, पण गवत काही हटले नाही. घाणेरी व वेडी बाभूळ ही त्याचीच जातभाई. यांची नावे पाहा. लोकांनी कोणालाही देवाचे नाव दिलेले नाही. पारख करण्यात आपले लोक चुकत नव्हते.

चूक हल्ली होते, आणि ती घरच्याच झाडांच्या बाबतीत होते. आवारात नवी झाडे लावण्यासाठी समितीने एका रोपवाटिकेतून आपट्याची व अशोकाची रोपे मागविली. रोपे आली, पाट्या लावलेली होती, फोटोही निघाला. दुसऱ्या दिवशी गुरवबाबांनी पान हातात घेतले व मान हलविली. आपटा नव्हता, कांचन होता. दोघांचेही पान जोडपान असते, त्यामुळे फसगत होते. आपट्याचे पान लहान, जाड, खरखरीत व लांबीपेक्षा रुंदीला अधिक असते आणि त्याची फुले बारीक, पांढरट-पिवळसर. कांचनाचे पान मोठे व मऊ, फूल गुलाबी-जांभळे. दसऱ्याला बाजारात 'सोने' म्हणून कांचनाच्या फांद्या ओरबाडून आणतात आणि दोन्ही झाडांचे नुकसान होते. अशोकाची रोपेही तशीच निघाली. उंच, लांब, काठाला लाटा असलेल्या पानांचे जे झाड बंगल्यांच्या कुंपणाला लावतात तो हिरवा अशोक. रामायणातील सीता ज्याच्याखाली बसली तो सीताअशोक निराळा. त्याची कोवळी पालवी तांबूस व लोंबती असते आणि फुलांचे गुच्छ केशरी-लाल. स्त्रियांच्या विकारांवर जे अशोकारिष्ट देतात ते याच्या सालीचे. सालीसाठी झाडे तोडली गेल्याने तो रानातून कमी झाला आहे आणि बाजारात त्याच्या सालीत हिरव्या अशोकाच्या सालीची भेसळ होते. औषध घेणाऱ्या बाईला त्याचा गुण येत नाही, आणि दोष जातो आयुर्वेदाला.

समितीने रोपे परत करून पुन्हा आणविली. या वेळी गुरवबाबांना बरोबर नेले होते. ओढ्याच्या अंगाला आता आपटा, सौंदड (म्हणजेच शमी), सीताअशोक, उंबर व बेलाची दोन रोपे लागली आहेत. सौंदड फार सावकाश वाढते, तिला पाणी थोडे पण राखण पुष्कळ लागते, हे शेळ्या बाळगणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. शाळेतील मुलांनी पत्र्याच्या पाट्या रंगवून प्रत्येक झाडावर त्याचे मराठी नाव व उपयोग लिहिला आहे. पाटी झाडाला खिळ्याने ठोकलेली नसून सुतळीने बांधली आहे आणि झाड जाडावेल तशी ती सैल करावयाची आहे.

ओट्याची आखणी दोन हात अलीकडे घेतली. त्यासाठी गवंड्याला चाफ्याभोवती अर्धगोल वळण काढावे लागले व घडीव दगडाचा थोडा खर्च वाढला. तो एका देणगीदाराने आपले नाव न घालण्याच्या अटीवर दिला. चाफ्याच्या पाटीवर काय लिहावे याची चर्चा पुष्कळ झाली. मूळ देश लिहावा असे काहींचे मत होते. शेवटी मुलांनी लिहिले आहे ते एवढेच : देवचाफा.